श्वासाच्या पडद्यावरची गाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी. आजवर या मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या अंथरणे, हळदीकुंकवाची ताटे लावणे आणि भजनात टाळ धरणे. पण 2024 च्या संक्रांतीला आमच्या जाऊबाई पुन्हा हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्यांना घेरले. कोणी विचारले, कॅन्सर होता म्हणे? कोणी विचारले, काळीज कापले म्हणे? एकीने तर फुप्फुस काढून टाकल्याचेही ऐकले होते. जाऊबाई म्हणाल्या, "हिलेच विचारा वो, मी त बेसुद होती." तेव्हापासून अध्यक्षीणबाई माझ्या मागे लागल्या की जे झाले ते एकदा सर्वांसमोर सांग. म्हणून आज उभी आहे. जाऊबाईंची परवानगी घेतली आहे. त्या पुढच्याच ओळीत बसल्या आहेत, काही चुकले तर टोकतील.

माझी पुतणी, म्हणजे जाऊबाईंची मुलगी, नर्सिंगचे शिक्षण घेते. यातले शास्त्राचे जे काही आहे ते डॉक्टरांनी सांगितलेले आणि तिने तिच्या पुस्तकांतून मला समजावलेले आहे. बाकीचे डोळ्यांनी पाहिलेले.

2021 च्या दिवाळीत जाऊबाईंचा उजवा खांदा दुखू लागला. फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवताना त्या मधेच हात खाली घेत. आपण बायका जे करतो ते सगळे केले. मोहरीच्या तेलात लसूण जाळून चोळले, विटेचा शेक दिला. गावात डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हात वर-खाली करून पाहिला, खांदा आखडला आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम सांगितला. यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत खांदा आखडणे फार दिसते, साखर असलेल्यांत तर जास्तच. शंभरातल्या नव्व्याण्णव खांद्यांत दुसरे काही नसते. तेव्हा माझे ऐकून उद्या कोणी खांदा धरून रडत बसू नका.

पण हे दुखणे वेगळे होते हे आता कळते. हात हलवला नाही तरी ते येत असे. मोठा श्वास घेतला, जांभई दिली, पोटभर जेवून आडवे झाले की खांद्याच्या टोकावर कळ. त्या म्हणत, "जेवल्यावर खांदा दुखते." आम्ही हसायचो. जेवणाचा आणि खांद्याचा काय संबंध?

मग मनगटे आणि घोटे दुखू लागले. सकाळी उठल्यावर पाय जमिनीवर टेकवत नसे. याला आम्ही संधिवात नाव दिले आणि मोकळे झालो.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जाते. 2022 च्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात कुरडयांचे काम होते. तुमच्यातल्या तिघीचौघी त्या दिवशी मदतीला होत्या, त्यांना आठवत असेल. जाऊबाईंनी दोन वेळा सोऱ्या दाबला आणि त्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी सगळ्यांच्या देखत बोलले, "कामाचा दिवस आला का बाईचा खांदा दुखते." हसण्यावारी बोलले, पण मनात होते तेच बोलले. जाऊबाई उठल्या, परत सोऱ्या हातात घेतला आणि चीक संपेपर्यंत दाबत राहिल्या. त्या दिवसापासून घरात त्यांच्या तोंडून दुखण्याचा शब्द निघाला नाही. रात्री उशिरा त्यांच्या खोलीतून तेलाच्या बाटलीच्या झाकणाचा आवाज येई. मला ऐकू येत असे. मी कूस बदलून झोपत असे.

असे चार महिने गेले. ते चार महिने माझ्या नावावर आहेत.

दुखणे पकडले ते डॉक्टरांनीही नाही आणि आम्हीही नाही. पकडले बांगडीवालीने. महालक्ष्म्यांच्या आधी ती दारावर आली. ती दिवसाला किती हात हाताळत असेल! जाऊबाईंचा हात दाबता दाबता ती थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमचं मनगट सुजलं, आन् बोटांची टोकं अशी काहून फुगली? ढोल वाजवाच्या काडीवानी." मी पाहिले. खरेच, बोटांची टोके गोल झाली होती आणि नखे पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली होती. पायाची जोडवी तर पोळ्यालाच सोनाराकडून कापून काढावी लागली होती. तेव्हा आम्ही म्हटले, वय झाले, अंग सुटले. वाण्याच्या हिशेबात जशी एकेक ओळ लिहिलेली असते तसे सगळे लिहिलेले होते, बेरीज कोणी केली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी सेवाग्रामला गेलो. कस्तुरबांच्या नावाचे ते इस्पितळ आपल्या जिल्ह्याला नवे नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. खेड्यातल्या माणसांनी सुगीला जवारी जमा करावी आणि वर्षभर त्यावर उपचार मिळावेत, अशीही योजना त्यांनी चालवली. माझ्या माहेरचे लोक त्या जवारीची आठवण काढतात.

तिथल्या डॉक्टरबाईंनी खांद्याला हात लावायच्या आधी नखे पाहिली. मग म्हणाल्या, "मावशी, दोन्ही हातांची हीच बोटे नखाला नख लावून समोरासमोर धरा." तुम्हीही आता धरून पाहा. दोन नखांच्या मुळाशी एक बारीक चौकोनी खिडकी दिसते, शंकरपाळ्याच्या आकाराची. दिसली? जाऊबाईंच्या बोटांत ती बुजून गेली होती. ही तपासणी शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयाच्या डॉक्टराने 1976 साली सांगितली, आणि ती त्याला स्वतःच्या आजारपणात स्वतःच्या बोटांवर सापडली. खिडकी बुजली म्हणजे बहुधा छातीत काही तरी आहे, फुप्फुसात किंवा हृदयात. कधी कधी यकृताच्या किंवा आतड्याच्या दुखण्यातही असे होते. काही घराण्यांत जन्मतःच बोटे तशी असतात, त्यांनी घाबरू नये. पण चांगली असलेली बोटे वर्षभरात बदलली तर छातीचा फोटो काढलाच पाहिजे. मनगटाचे आणि घोट्याचे दुखणे हाही त्याच आजाराचा भाग होता. हाडांवरचे पातळ आवरण सुजते, म्हणून सांधे धरतात. संधिवाताच्या गोळ्यांनी त्याला उतार पडला नाही तो यासाठी.

फोटो काढण्याच्या खोलीत अडले. तिथली मुलगी म्हणाली, गळ्यातले काढा, त्याची सावली पडते. जाऊबाई म्हणाल्या, मंगळसूत्र लग्नापासून निघाले नाही, आता काढणार नाही. मागे रांग लागली होती. शेवटी मी माझ्या पदराचा दोरा काढला, पिशवीत सासूबाईंनी अंगाऱ्याबरोबर दिलेले हळकुंड होते ते त्यात बांधले आणि त्यांच्या गळ्यात घातले. मग त्यांनी मंगळसूत्र माझ्या हातात दिले. पुतणीने मागाहून सांगितले की 1895 साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले आणि त्या डिसेंबरात आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला, तर त्यात हाडांबरोबर तिची अंगठी दिसत होती. तिनेही काढली नव्हती.

फोटोत उजव्या बाजूला, फुप्फुस संपते तिथे, एक गोल उंचवटा होता. पुढे सोनोग्राफी झाली, सी.टी. स्कॅन झाला. आधी वाटले यकृतातली पाण्याची गाठ असेल. मग वाटले फुप्फुसाची. खालून पाहावे तर यकृताला चिकटलेली दिसे, वरून पाहावे तर फुप्फुसाला. दोन्ही नव्हते. गाठ त्या दोघांच्या मधल्या पडद्यावर होती.

हा पडदा म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हते. शाळेच्या पुस्तकात श्वासपटल असा शब्द होता, तो पाठ केला आणि विसरले. छाती आणि पोट यांच्या मधोमध एक मांसाचा पडदा ताणलेला असतो. उलटी ठेवलेली परात डोळ्यासमोर आणा, तसा त्याला फुगवटा. उजवीकडे यकृत खाली असते म्हणून ती बाजू जरा उंच. ज्यांच्याकडे मटण शिजते त्यांनी बकऱ्यातला हा पडदा पाहिला असेल. आपण श्वास घेतो तेव्हा हा पडदा खाली दबतो, छातीत जागा होते आणि हवा आपोआप आत येते. साध्या श्वासाला तो 1-2 सेंटिमीटर हलतो, खूप खोल श्वास घेतला तर बराच जास्त. आपण झोपलो तरी त्याला सुट्टी नाही. त्याला मधेच झटका आला की उचकी लागते. आपण म्हणतो माहेरचे आठवण काढतात. अन्ननलिका आणि रक्ताच्या मोठ्या शिरा याच्यातून व याच्या मागून खाली-वर जातात.

आता खांद्याचे कोडे. या पडद्याला हलवणारा मज्जातंतू मानेतून निघतो. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसांपासून तो तयार होतो, छातीत उतरतो, हृदयाच्या पिशवीला लागून खाली येतो आणि पडद्यात शिरतो. एक उजवा, एक डावा. एवढ्या लांबून का? तर आईच्या पोटात बाळ अगदी लहान असते तेव्हा हा पडदा मानेजवळच तयार होतो. बाळ वाढते तसा तो खाली सरकत जातो आणि आपली नस बरोबर ओढत नेतो. डॉक्टर म्हणाले, "मावशी, पडदा सासरी गेला, पण त्याचा तार माहेरीच जोडलेला आहे." मानेतल्या त्याच मुळांतून खांद्याच्या कातडीच्याही नसा निघतात. पडद्याला इजा झाली की डोक्याला वाटते, खांदा दुखतो. जेवल्यावर खांदा दुखणे खोटे नव्हते. भरल्या पोटाने पडदा वर लोटला जात होता.

मी तेव्हा जाऊबाईंकडे पाहिले नाही.

गाठ कशाची, हे मग ठरायचे होते. पडद्यावर मूळ गाठ येणे फार दुर्मिळ. दुसरीकडचा कॅन्सर तिथे पसरतो, ते त्या मानाने जास्त दिसते. पण पडद्यातूनच उगवलेली गाठ मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरलाही सगळ्या नोकरीत एखादी दिसली तर दिसली. 1868 साली ग्रँशे नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने मेलेल्या माणसाच्या तपासणीत अशी पहिली गाठ पाहून लिहून ठेवली. त्यानंतर दीडशे वर्षांत जगभर ज्या नोंदल्या गेल्या त्या इतक्या कमी की एकेका रोग्यावर डॉक्टर लेख लिहितात. त्यांत काही चरबीच्या, काही पाण्याच्या, काही वाईट जातीच्या, आणि थोड्या नसांच्या. नसेच्या गाठीत मात्र एक विशेष आहे. बोटे फुगणे आणि सांधे धरणे हे तिच्या सोबतीने पुष्कळ वेळा येते. म्हणूनच डॉक्टरांच्या मनात तिचे नाव आले.

नस म्हणजे विजेच्या वायरीसारखी. आत तार, वर रबर. वरचे रबर ज्या पेशींचे बनते त्यांना श्वान पेशी म्हणतात. आपला श्वान म्हणजे कुत्रा, त्याचा इथे संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचा जर्मन शास्त्रज्ञ होता, 1810 ते 1882, त्याने त्या दाखवल्या. या रबराच्या पेशी कधी कधी एका जागी वाढत जातात आणि गाठ होते. तिला श्वानोमा म्हणतात. ती बहुतेक साधी असते, सावकाश वाढते, तिच्याभोवती साल असते आणि तार तिच्या अंगावरून बाजूने जाते. म्हणून हातापायात ती झाली तर नस राखून नुसती गाठ सोलून काढता येते. दुसरी एक नसेची गाठ असते, न्यूरोफायब्रोमा. तिच्यात तारा गाठीच्या आतून गुंतलेल्या असतात, चाऱ्यात दोरा अडकावा तशा, आणि वेगळ्या करता येत नाहीत. एखाद्याच्या अंगावर अशा पुष्कळ गाठी आणि चहाच्या रंगाचे डाग असतात, तो आजार घराण्यात चालतो. जाऊबाईंना तसे काही नव्हते.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा कोणी नसेचे ऐकले नाही आणि रबराचेही ऐकले नाही. सगळ्यांनी "गाठ" एवढेच ऐकले. सासूबाईंनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला. 2016 च्या 31 मेच्या रात्री डेपोला आग लागली तेव्हा आमच्या घरात जी शांतता पसरली होती, तशी त्या रात्री होती. भासरे म्हणाले, "गाठीले लोखंड लागलं का ते पसरते. हाय तशी राहू द्या." हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. माझाही विश्वास होता. मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडत नाही, त्या रात्रीही उघडले नाही. स्वयंपाकघरातून पुतणीला फोन लावला आणि फोनच त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. ती बापाला म्हणाली, "बाबा, लोखंड लागल्यानं गाठ पसरत नाही. लोक उशिरा जातात, तोवर आतल्या आत पसरलेली असते, अन् नाव ऑपरेशनचं होते." सुईने तुकडा काढताना डॉक्टर सुई कुठून घालायची हे विचार करून ठरवतात, तेवढी काळजी घेतात, हेही तिने सांगितले. भासरे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिले काय वाटते ते विचारा." कोणीतरी जाऊबाईंना विचारायला त्या वेळी पहिल्यांदा आठवले. त्या म्हणाल्या, "काढून टाका. मले लय दिवसाचं दुखून राहिलं."

सुईच्या तपासणीत साध्या नसेच्या गाठीसारख्या पेशी आल्या. मग साधी आहे तर राहू द्यावी, असेही एक मत निघाले. डॉक्टरांनी तीन कारणे दिली. गाठ 8 सेंटिमीटरची होती आणि वाढतच जाणार होती, फुप्फुसाला वर लोटत होती. सुईला गाठीतला कणभर भाग मिळतो, क्वचित अशा गाठीचा एखादा भाग वाईट निघतो, ते पूर्ण गाठ तपासल्याशिवाय कळत नाही. आणि सांध्यांचे दुखणे गाठ निघाल्याशिवाय जाणार नव्हते. या गाठीला औषधाची गोळी नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगते. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चाललेली सरकारची आरोग्य योजना आहे. आमचे केशरी कार्ड होते. इस्पितळात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, तो कोणते ऑपरेशन बसते, कोणते कागद लागतात ते सांगतो. आमचे बरेच त्यात भागले. काही तपासण्या, जाणे-येणे, खाणेपिणे घरचे. त्यासाठी तुरी विकल्या.

फेब्रुवारी 2023 मध्ये नागपूरला ऑपरेशन झाले. आदल्या दिवशी सर्जननी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवले. छाती उघडण्यात पूर्वी मोठी अडचण अशी होती की छातीला भोक पडले की फुप्फुस फुग्यासारखे खाली बसते आणि रोगी गुदमरतो. जर्मनीत साउअरब्रुख नावाच्या सर्जनने 1904 साली त्यासाठी एक बंद पेटी केली होती, रोग्याचे धड आणि सर्जन पेटीत, रोग्याचे डोके बाहेर! आता भूल देणारे डॉक्टर श्वासनळीत दोन वाटांची नळी घालतात. एका वाटेने डावे फुप्फुस चालू ठेवतात आणि उजव्याला तेवढा वेळ विसावा देतात, म्हणजे सर्जनला हात घालायला जागा होते. हे ऐकून मला भूल देणाऱ्या डॉक्टरांबद्दल फार आदर वाटला. आपण त्यांचे नावही विचारत नाही.

जाऊबाईंना डाव्या कुशीवर झोपवले. आधी बारीक छिद्रातून दुर्बीण घालून आत पाहिले. गाठ लहान असती तर दुर्बिणीनेच निघाली असती. मग दोन फासळ्यांच्या मधून वीतभर छेद घेतला. गाठ पडद्यात रुतलेली होती, म्हणून नुसती न सोलता भोवतीचा थोडा पडदा तिच्याबरोबर कापून घेतला. मूळ मोठी नस दूर होती, ती राखता आली, नाही तर पडद्याची ती बाजू लुळी पडली असती. पडद्याला जे भोक पडले ते जाड, न विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवले. मी विचारले, शिवलेला पडदा श्वासाने उसवत नाही का? सर्जन हसले. म्हणाले, "तुम्ही शिवणकाम करता ना? लहान फाटले तर काठ जोडून टाके घालता, मोठे फाटले तर ठिगळ लावता. आम्हीही तेच करतो." ठिगळ म्हणजे नायलॉनसारखी जाळी. आमच्या जाऊबाईंना ठिगळाची गरज पडली नाही.

चार तास आम्ही बाहेर बसलो होतो. भासरे खांबाला टेकून उभेच होते. एका डॉक्टरने बाहेर येऊन आम्हाला ट्रेमध्ये गाठ दाखवली. पिवळसर पांढरी, गुळगुळीत, आपल्या नागपुरी संत्र्याएवढी. भासऱ्यांनी तोंड फिरवले. मी पाहिली. मला राग आला तिचा. एवढीशी वस्तू, आणि त्या बाईला कामचोर ठरवून बसली होती. नंतर मनात आले की ठरवले ते गाठीने नाही.

ऑपरेशननंतर छातीत एक नळी ठेवतात. तिचे दुसरे टोक बाटलीत पाण्याखाली बुडलेले असते. छातीतली हवा आणि रक्तपाणी बाहेर जाते, पण पाण्यामुळे बाहेरची हवा परत आत शिरत नाही. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते. रात्री मला झोप नसे, मी ते पाणी पाहत बसे. हलते आहे म्हणजे ठीक आहे असे सिस्टरने सांगितले होते. बाटली नेहमी छातीच्या खाली राहिली पाहिजे, वर उचलली तर पाणी आत ओढले जाते. तीन रंगीत गोळ्यांचे एक खेळण्यासारखे यंत्र देतात, ते तोंडात धरून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. जाऊबाईंना पहिल्या दिवशी एकही चढली नाही. दुखते म्हणून खोकायचे टाळले तर कफ साचून न्यूमोनिया होतो, तेव्हा उशी छातीशी घट्ट धरून खोकायला लावतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पलंगावरून पाय खाली सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "घोटे नाई दुखत." आम्हाला वाटले भुलीचा अंमल असेल. मनगटे फिरवून पाहिली. दुखत नव्हती. इतक्या दिवसांचे दुखणे, छातीतली गाठ गेल्यावर पायातून निघून गेले. सर्जन म्हणाले, असे होते हे पुस्तकात आहे.

चौथ्या रात्री त्यांना फिरवायचे होते. त्यांनी माझा खांदा धरला आणि मी दुसऱ्या हातात बाटली घेतली. लांब व्हरांड्यात कोणी नव्हते. मी म्हटले, "बाई, कुरडयांच्या दिवशी मी तसं बोलाले नव्हतं पायजे." त्या चार पावले काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाटली खाली धर. वर नको उचलू."

पुढे दहा दिवसांनी पूर्ण गाठीचा अहवाल आला. साधा श्वानोमा, काठापर्यंत सगळा निघालेला, वाईट काही नाही. पुढे शेक किंवा इंजेक्शने काही लागली नाहीत. तीन महिने जड उचलायचे नव्हते, त्यामुळे गुंड भरण्याचे काम माझ्याकडे आले. सुरुवातीला एकदम पोटभर जेवता येत नसे, थोडे थोडे चार वेळा द्यावे लागे. जिन्याने दम लागे, तो पावसाळ्यापर्यंत कमी झाला. छेदाच्या जागी थंडीत अजून ओढ लागते. वर्षातून एकदा फोटो काढून दाखवायला जातो, आतापर्यंत पडदा स्वच्छ आहे. बोटे लगेच बदलली नाहीत, पण नवे नख येत गेले तशी ती खिडकी हळूहळू उघडली. नवी जोडवी केली आहेत. बांगडीवालीला आम्ही लुगडे नेसवले.

त्या वर्षीच्या कुरडयांना सोऱ्या मी दाबला. जाऊबाई ओट्यावर बसून चीक पातळ झाला म्हणून मला रागावत होत्या.

मी सगळे फोटो त्या मोठ्या पिवळ्या लिफाफ्यात आणले आहेत, आधीचे आणि नंतरचे दोन्ही. ज्यांना पाहायचे असतील त्यांना चहा झाल्यावर खिडकीच्या उजेडात धरून दाखवते. हात मात्र पुसून या, हळदीचे डाग त्यावरून निघत नाहीत.